सूक्ष्मजंतूंचे संपुट

काही सूक्ष्मजंतूंच्या कोशिकाभित्तीबाहेर (कोशिकेभोवतीच्या ताठर आवरणाबाहेर) बुळबुळीत, जलयुक्त, परंतु कोशिकेला घट्ट चिकटून राहणारा थर असतो. या थरास संपुट म्हणतात. सूक्ष्मजंतूच्या जीवनास संपुट अत्यावश्यक नसते. प्रयोगशाळेतील पोषक माध्यमात संपुट गमावलेले वाणही उत्तम रीत्या वाढतात. माणसाच्या किंवा प्राण्याच्या शरीरात शिरल्यावर मात्र जंतूचे अस्तित्व बऱ्याच अंशी संपुटावरच अवलंबून राहते. फुप्फुसशोथ (फुप्फुसाची दाहयुक्त सूज) आणि मस्तिष्कावरणशोथ (मेंदू व मेरुरज्जू यांवरील आवरणांची दाहयुक्त सूज) यांना कारणीभूत होणारे प्रमुख जंतू संपुटयुक्त आहेत. संपुट स्वतः विषारी नसते. ते जंतूला शरीराच्या संरक्षक यंत्रणेपासून वाचविते. परंतु शरीराला त्या संपुटाची ओळख अगोदर करून दिलेली असल्यास तेच जंतूच्या नाशाला कारण होते. अनेक महत्त्वाच्या प्रतिबंधक लशी या दुसऱ्या गुणधर्मावर आधारलेल्या आहेत.

कोशिकेच्या इतर संरचना व रोग : सूक्ष्मजंतूच्या कोशिकेत सुस्पष्ट केंद्रक नसते. तिच्यात जीवद्रव्य, त्याभोवती पातळ कोशिकापटल आणि त्याबाहेर कोशिकाभित्ती अशी रचना सामान्यतः आढळते. रोगोत्पत्तीत निरनिराळ्या संरचनांचा वाटा निरनिराळा असतो. केसासारख्या आखूड तंतूंच्या साहाय्याने परम्याचे जंतू श्लेष्मकलेला (बुळबुळीत अस्तराला) चिकटतात व त्यामुळे मूत्राच्या प्रवाहाबरोबर वाहून जात नाहीत. पटकीचा जंतू चाबकासारख्या कशाभिकेच्या हालचालीमुळे आतड्यातील श्लेष्मा ओलांडून जातो. आंत्रज्वराच्या जंतूसारख्या ग्रॅम-अव्यक्त सूक्ष्मजंतूंच्या बाह्यपटलात वसा व शर्करा यांचा संयोग असलेले अंतर्विष असते. ते रक्तात मोठ्या प्रमाणात मिसळल्यास ज्वर येतो व रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरतो. धनुर्वाताचे व संसर्गजन्य काळपुळीचे जंतू चिवट बीजाणूंच्या रूपाने मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात.

या सर्व संरचना चिकटणे, पुढे सरकणे, इजा करणे किंवा टिकून राहणे यांपैकी एखादे कार्य करतात. संपुटाचे मुख्य कार्य भक्षिकोशिकांना (जंतू गिळून त्यांचा नाश करणाऱ्या श्वेत कोशिकांना) चुकविणे हे आहे. घटसर्प व धनुर्वात हे रोग प्रामुख्याने जंतूंनी बाहेर सोडलेल्या विषांमुळे होतात व त्यांत संपुटाला महत्त्व नाही. याउलट जे जंतू रक्तात शिरून तेथे वाढतात, त्यांच्यापैकी बहुतेकांना संपुटाची गरज असते.

रचना व रासायनिक संघटन : संपुटाचा बहुतांश भाग पाण्याचा असतो. उरलेला घन भाग बहुधा पॉलिसॅकॅराइडाचा, म्हणजे शर्करेचे अनेक रेणू साखळीसारखे जोडून बनलेल्या पदार्थाचा असतो. न्यूमोकॉकस या गोलाकार जंतूचा व्यास सुमारे एक मायक्रोमीटर (मिमी.चा हजारावा भाग) असून त्याच्या संपुटाची जाडी ०·२ ते ०·४ मायक्रोमीटर इतकी भरते. साखळीतील शर्करांचे प्रकार, त्यांचा क्रम व त्यांच्यातील जोड बदलले की संपुटाचा प्रकार बदलतो. न्यूमोकॉकसाचे असे १०० हून अधिक प्रकार ज्ञात आहेत. एका प्रकाराविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे (विशिष्ट बाह्य पदार्थाविरुद्ध शरीरात निर्माण होणारी संरक्षक प्रथिने) बहुधा दुसऱ्या प्रकारावर परिणाम करीत नाहीत.

काही संपुटे वेगळ्या पदार्थांची असतात. संसर्गजन्य काळपुळीच्या जंतूचे संपुट ग्लुटामिक अम्लाच्या साखळीचे असते. प्लेगच्या जंतूभोवतीचे आवरण प्रथिनाचे असून ते मानवी शरीराच्या तापमानास, म्हणजे सु. ३७° से. ला, विपुल प्रमाणात तयार होते. पिसवेच्या शरीरातील कमी तापमानास ते तसे तयार होत नाही.

नेहमीच्या रंजनक्रियेत संपुट रंग धरत नाही. काळ्या शाईच्या पातळ थेंबात जंतू ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास काळ्या पार्श्वभूमीवर प्रत्येक जंतूभोवती स्वच्छ वलय दिसते, ते संपुट होय. १९०२ मध्ये फ्रेड नॉइफेल्ट या जर्मन शास्त्रज्ञांनी असे दाखविले की, योग्य प्रकारच्या प्रतिपिंडांनी युक्त असा रक्तरस मिसळल्यास न्यूमोकॉकसाचे संपुट फुगल्यासारखे ठळक दिसू लागते. जंतूचा प्रकार ओळखण्यासाठी ही चाचणी पुढे दीर्घकाळ वापरली गेली. पृष्ठपोषक माध्यमावर संपुटयुक्त न्यूमोकॉकसाच्या वसाहती गुळगुळीत व चकचकीत, तर संपुटरहित वाणाच्या वसाहती खडबडीत दिसतात.

इतिहास : न्यूमोकॉकसाचे वर्णन १८८१ मध्ये फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी व अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी स्वतंत्रपणे केले. या जंतूचे निरनिराळे प्रकार असल्याचे लक्षात आल्यावर घोड्यांना विशिष्ट प्रकारचे जंतू टोचून त्यांच्या रक्तरसाने फुप्फुसशोथाच्या रोग्यांवर उपचार करण्यात येऊ लागले. रोग्याच्या थुंकीतील जंतूचा प्रकार व रक्तरसाचा प्रकार जुळला, तरच गुण येई. त्यामुळे प्रकारभेद कशामुळे होतो, हा प्रश्न रुग्णाच्या दृष्टीने जीवनमरणाचा होता.

न्यूयॉर्क येथील रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये ए. आर्. डोखेझ व ऑस्वल्ड एव्हरी यांना १९१७ मध्ये फुप्फुसशोथाच्या रोग्यांच्या रक्तात व मूत्रात प्रकारविशिष्ट असा विद्राव्य पदार्थ आढळला. १९२३ मध्ये मायकेल हायडलबर्गर व एव्हरी यांनी हा पदार्थ पॉलिसॅकॅराइड असल्याचे सिद्ध केले. प्रतिरक्षा यंत्रणा (रोगप्रतिकार करणारी यंत्रणा) केवळ प्रथिनेच ओळखू शकते, असा तोवर समज होता. तो या शोधामुळे मागे पडला.

इंग्लंडमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी १९२८ मध्ये एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. जिवंत परंतु संपुटरहित न्यूमोकॉकस टोचल्यास उंदीर मरत नसत. संपुटयुक्त पण उष्णतेने मारलेले जंतू टोचल्यासही ते जगत. दोन्ही एकत्र टोचले असता मात्र अनेक उंदीर मेले व त्यांच्या रक्तात जिवंत, संपुटयुक्त जंतू सापडले. मृत जंतूंतील कोणत्या तरी पदार्थामुळे जिवंत जंतूंना संपुट तयार करण्याची क्षमता प्राप्त झाली होती व ती त्यांच्या पुढील पिढ्यांतही उतरत होती. एव्हरी, कॉलिन मॅक्लाउड व मॅक्लिन मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये हा पदार्थ डीएनए असल्याचे दाखवून दिले. डीएनए हा आनुवंशिक गुणधर्मांचा वाहक आहे, या आधुनिक जीवविज्ञानातील मूलभूत निष्कर्षाला अशा प्रकारे फुप्फुसशोथाच्या जंतूचे संपुट निमित्त झाले.

संपुट हेच घातकतेचे कारण आहे, याचा प्रत्यक्ष पुरावा एव्हरी व रने द्यूबॉस यांनी १९३१ मध्ये सादर केला. मातीतील एका सूक्ष्मजंतूपासून त्यांनी असे एंझाइम (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारे प्रथिन) मिळविले की, जे न्यूमोकॉकसाच्या तिसऱ्या प्रकाराचे संपुट विघटित करते. हे एंझाइम जंतूंना मारत नाही. तरीही प्राणघातक मात्रेत जंतू टोचलेले उंदीर एंझाइम दिल्यावर वाचले. कारण आवरण गेलेले जंतू श्वेत कोशिकांनी गिळून टाकले.

रोगकारकतेतील कार्य : शरीरात शिरलेल्या जंतूच्या पृष्ठावर रक्तातील पूरक नावाच्या प्रथिनसमूहातील घटक चिकटतात. भक्षिकोशिका या घटकांना धरूनच जंतूला पकडतात व गिळतात. संपुटामुळे या क्रियेत तीन प्रकारे अडथळा येतो. संपुटाचा जलयुक्त व बहुधा ऋण विद्युत् भारित पृष्ठभाग भक्षिकोशिकेला जवळ येऊ देत नाही. पूरक घटक आतल्या कोशिकाभित्तीवर बसले, तरी संपुटाच्या थराखाली झाकले गेल्याने ते भक्षिकोशिकेच्या हाती लागत नाहीत. काही संपुटांवर शरीरातील असे नियंत्रक प्रथिन आकर्षिले जाते की, त्यामुळे पूरकाची पुढील विक्रियाच थांबते. परिणामी जंतू न गिळले जाता रक्तात वाढत राहतात.

अशा जंतूंना रक्तातून गाळून काढण्याचे कार्य मुख्यत्वे प्लीहा (पाणथरी) करते. शस्त्रक्रियेने प्लीहा काढलेल्या व्यक्तींत किंवा दात्रकोशिका रोगामुळे ती निकामी झालेल्या मुलांत न्यूमोकॉकसाचा संसर्ग काही तासांतच प्राणघातक होऊ शकतो. महाराष्ट्रात विदर्भ आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत दात्रकोशिका रोग आढळत असल्याने तेथील रुग्णांच्या दृष्टीने या जंतूंविरुद्धच्या लशींना विशेष महत्त्व आहे.

काही जंतूंची संपुटे शरीरातीलच पदार्थांसारखी असतात. घसा सुजविणाऱ्या ए गटाच्या स्ट्रेप्टोकॉकसाचे संपुट हायल्युरॉनिक अम्लाचे असते व हाच पदार्थ मानवी संयोजी ऊतकात (इतर ऊतकांना आधार देणाऱ्या कोशिकासमूहात) असतो. मेनिंगोकॉकसाच्या बी गटाचे व नवजात अर्भकांत मस्तिष्कावरणशोथ निर्माण करणाऱ्या काही एश्चेरिकिया कोलाय जंतूंचे संपुट गर्भाच्या तंत्रिका ऊतकातील शर्करासाखळीशी मिळतेजुळते असते. शरीर स्वतःच्या घटकांविरुद्ध सहसा प्रतिपिंडे निर्माण करीत नाही. त्यामुळे अशा जंतूंना ते शत्रू म्हणून ओळखत नाही.

संपुट जंतूला सर्वकाळ फायद्याचेच असते असे नाही. निरोगी मुलांच्या नाकाघशात न्यूमोकॉकस पुष्कळदा निरुपद्रवीपणे वस्ती करून असतो. तेथे त्याला श्लेष्मकलेच्या कोशिकांना चिकटून राहावे लागते आणि जाड संपुटाखाली चिकटण्यास उपयोगी असे पृष्ठभागावरील रेणू झाकले जातात. म्हणून तेथे पातळ संपुटाचे जंतू अधिक आढळतात, तर रक्तात जाड संपुटाचे जंतू तग धरतात.

जंतू शरीरात टिकून राहिल्यावर होणारी प्रत्यक्ष इजा अन्य कारणांनी होते. न्यूमोकॉकसापासून बाहेर पडणारे विष फुप्फुसातील कोशिकांना छिद्रे पाडते व कोशिकाभित्तीच्या तुकड्यांमुळे तीव्र दाह निर्माण होतो. पेनिसिलिनासारखी प्रतिजैवे कोशिकाभित्तीच्या निर्मितीवर आघात करतात व त्यांना संपुटाचा अडथळा होत नाही. तथापि रोग बळावल्यावर ती दिली, तर जंतू मेले तरी झालेली हानी भरून येतेच असे नाही. रोगी दगावू शकतो किंवा मस्तिष्कावरणशोथातून वाचलेल्या मुलात बहिरेपणासारखे कायमचे व्यंग राहू शकते. म्हणून रोग होण्यापूर्वीच संरक्षण मिळण्याला महत्त्व आहे. [⟶ प्रतिजैव पदार्थ].

वय व प्रतिरक्षा : संपुटाविरुद्धची प्रतिपिंडे संपुटाच्या बाह्य पृष्ठावरच चिकटतात. त्यांची मोकळी टोके व त्यांच्यामुळे तेथे जमलेले पूरक घटक भक्षिकोशिकेला सहज पकडता येतात. अशा रीतीने लपण्याचे साधनच पकडले जाण्याचे साधन बनते.

हीमोफायलस इन्फ्लुएंझी या जंतूच्या संपुटयुक्त प्रकारांचे वर्णन १९३१ मध्ये मार्गारेट पिटमन यांनी केले. त्यांपैकी बी प्रकार मुलांमधील गंभीर रोगास मुख्यतः कारणीभूत असतो. १९३३ मध्ये लेरॉय फॉदरगिल व जॉयस राइट यांनी निरनिराळ्या वयांच्या व्यक्तींच्या रक्ताची हा जंतू मारण्याची क्षमता तपासली. जन्मानंतर सु. दोन महिन्यांपर्यंत आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे ही क्षमता आढळली. त्यानंतर सु. तीन वर्षांपर्यंत ती जवळजवळ नव्हती व पुढे वयाबरोबर वाढत गेली. या जंतूमुळे होणारा मस्तिष्कावरणशोथ नेमका या मधल्या वयोगटातच बहुसंख्येने होई.

लशी : शुद्ध पॉलिसॅकॅराइड टोचून प्रौढांना संरक्षण मिळते, हे दुसऱ्या महायुद्धकाळात अमेरिकन सैन्यदलातील सु. १७,००० प्रशिक्षणार्थींवर केलेल्या चाचणीत दिसून आले. तिचे निष्कर्ष मॅक्लाउड, हायडलबर्गर व सहकाऱ्यांनी १९४५ मध्ये प्रसिद्ध केले. तथापि त्याच सुमारास पेनिसिलिन उपलब्ध झाल्याने या लशीकडे दुर्लक्ष झाले. पेनिसिलिन देऊनही रक्तात जंतू शिरलेले अनेक रोगी पहिल्या काही दिवसांतच दगावतात, हे रॉबर्ट ऑस्ट्रियन यांनी दाखविल्यावर हा विषय पुन्हा पुढे आला. १९७७ मध्ये अमेरिकेत १४ प्रकारांची व १९८३ मध्ये २३ प्रकारांची लस वापरात आली.

शुद्ध पॉलिसॅकॅराइडाच्या लशीत एक मोठी उणीव होती. ज्यांना तिची सर्वाधिक गरज, त्या दोन वर्षांखालील मुलांत ती परिणामकारक नव्हती. प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या कोशिकांना साहाय्य करणाऱ्या टी-लसीका कोशिका प्रथिनांचे तुकडे ओळखतात. केवळ शर्करेच्या साखळीने त्या उद्दीपित होत नाहीत. अशा साहाय्यावाचून प्रतिसाद देण्याची क्षमता लहान मुलांत विकसित झालेली नसते. शिवाय दीर्घकाल टिकणारी प्रतिरक्षेची स्मृतीही त्यामुळे निर्माण होत नाही.

यावरील उपायाचे मूळ एव्हरी व वॉल्टर गोबेल यांच्या प्रयोगांत आहे. संपुटातील पॉलिसॅकॅराइड एखाद्या प्रथिनाशी रासायनिक बंधाने जोडल्यास सशांत त्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, असे त्यांनी १९३१ मध्ये दाखविले होते. सुमारे अर्धशतकानंतर हेच तत्त्व वापरून अमेरिकेत रेचेल श्नीर्सन व जॉन रॉबिन्स यांनी, तसेच पोर्टर अँडरसन व डेव्हिड स्मिथ यांनी हीमोफायलस बी प्रकाराच्या संयुग्मित (प्रथिनाशी जोडलेल्या) लशी विकसित केल्या. वाहक म्हणून धनुर्वाताच्या किंवा घटसर्पाच्या विषापासून बनविलेले निरुपद्रवी प्रथिन वापरतात. १९८७ मध्ये अमेरिकेत पहिल्या संयुग्मित लशीला मान्यता मिळाली. त्यापूर्वी तेथे पाच वर्षांखालील सु. २०,००० मुलांना दरवर्षी या जंतूचा गंभीर संसर्ग होई. लसीकरणानंतर हे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक घटले. भारतात ही लस पंचगुणी लशीचा भाग म्हणून डिसेंबर २०११ मध्ये केरळ व तमिळनाडू राज्यांत प्रथम शासकीय कार्यक्रमात आली व नंतर देशभर देण्यात येऊ लागली. न्यूमोकॉकसाची संयुग्मित लस अमेरिकेत २००० मध्ये, तर भारताच्या कार्यक्रमात २०१७ मध्ये काही राज्यांत व २०२१ पासून देशभर आली.

आंत्रज्वराच्या जंतूचे व्हीआय हे संपुट ए. फेलिक्स व आर्. एम्. पिट यांनी १९३४ मध्ये शोधून काढले. त्यावर आधारलेली संयुग्मित लस हैदराबाद येथे तयार झाली. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये नऊ महिने ते चौदा वर्षे या वयोगटातील मुलांसाठी या लशीची सार्वजनिक मोहीम हाती घेतली.

आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात मेनिंगोकॉकसाच्या ए गटामुळे मस्तिष्कावरणशोथाच्या वारंवार साथी येत. १९९६-९७ मधील साथीत अडीच लाखांहून अधिक लोक आजारी पडले व सु. २५,००० मृत्युमुखी पडले. या गटाविरुद्धची अल्प किंमतीची संयुग्मित लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया या संस्थेने तयार केली. डिसेंबर २०१० पासून बुर्किना फासो, माली व नायजर या देशांत ती मोठ्या प्रमाणावर टोचण्यात आली आणि त्यानंतरच्या वर्षांत त्या पट्ट्यातून ए गटाचा रोग जवळजवळ नाहीसा झाला. इतर गटांच्या साथी मात्र येतच राहिल्या. त्यांना आळा घालण्यासाठी याच संस्थेने बनविलेल्या पाच गटांच्या लशीचा वापर मार्च २०२४ मध्ये नायजेरियात सुरू झाला.

संपुट नसलेल्या जंतूंचाही लशीसाठी उपयोग झाला आहे. दक्षिण आफ्रिकेतील माक्स स्टर्न यांनी १९३७ मध्ये संसर्गजन्य काळपुळीच्या जंतूचा संपुट गमावलेला वाण वेगळा केला. तो गुरांना रोगी करीत नाही, पण प्रतिरक्षा निर्माण करतो; त्यापासून बनविलेली लस जनावरांसाठी जगभर वापरली जाते.

मर्यादा : संपुटावर आधारलेली लस तिच्यात समाविष्ट केलेल्या प्रकारांपासूनच संरक्षण देते. सात प्रकारांची न्यूमोकॉकस लस सुरू झाल्यावर अमेरिकेत त्या प्रकारांचे रोग झपाट्याने घटले, परंतु लशीत नसलेला १९-ए हा प्रकार वाढला. म्हणून २०१० मध्ये तेरा प्रकारांची लस आणावी लागली. ग्रिफिथ यांच्या प्रयोगात दिसल्याप्रमाणे हे जंतू परस्परांचा डीएनए घेऊन संपुटाचा प्रकार बदलूही शकतात. शरीरघटकांसारखे संपुट असलेल्या मेनिंगोकॉकसाच्या बी गटाविरुद्ध संपुटाची लस करता येत नाही. त्यासाठी संपुटाऐवजी जंतूच्या पृष्ठभागावरील प्रथिने वापरून लस तयार करण्यात आली व २०१३ मध्ये तिला यूरोपात मान्यता मिळाली. न्यूमोकॉकसाच्या सर्व प्रकारांत समान असणाऱ्या प्रथिनांवर आधारित अशी लस बनविण्याचेही प्रयत्न झाले आहेत. तशी लस सिद्ध होईपर्यंत कोणत्या प्रदेशात कोणते संपुटप्रकार रोग निर्माण करतात, याची सतत पाहणी करणे व तीनुसार लशीतील प्रकार निवडणे आवश्यक ठरते.